गाडीचे झिजलेले सस्पेन्शन : स्वतः बदलावे की मिस्त्रीकडे द्यावे?

हुमनाबादहून आग्नेयेकडे निघालेला रस्ता चिटगुप्प्याला पोहोचतो. पूर्वी हुमनाबाद तालुक्यात मोडणारे हे गाव आता बीदर जिल्ह्यातील स्वतंत्र तालुक्याचे ठिकाण आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मराठी मुलखाकडे आले, जहीराबाद आंध्राकडे गेले आणि बीदर, भालकी, हुमनाबाद कर्नाटकात राहिले. गावाची मराठी मात्र कायम राहिली. इथली जमीन कुठे जांभ्याची तांबडी, तर कुठे कापसाची काळी. काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यावर बांधलेला रस्ता तिच्याबरोबरच वर-खाली होतो. जवळून जाणारा पुणे–सोलापूर–हैदराबाद हा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६५ वेगवान असला, तरी तो सोडून शेताकडे वा वस्तीकडे वळले, की गाडीच्या खालच्या भागातून खडखडाट सुरू होतो.

हा खडखडाट गोव्यातील वाचकालाही अपरिचित नाही. तिथे जांभा आहे, तर इथेही चिरा आहे; तिथे काळ्या मातीचे हेलकावे आहेत, तर इथे पावसाळ्यातले खड्डे आणि समुद्राची खारी हवा आहे. दोन्हीकडे वाहनमालकासमोर प्रश्न एकच उभा राहतो : झिजलेला भाग स्वतः बदलावा, की पैसे मोजून मिस्त्रीकडून बदलून घ्यावा? मोठ्या शहरापासून दूर राहणाऱ्याला हा प्रश्न अधिक जाचतो, कारण त्याच्यासाठी अधिकृत सेवा केंद्र गाठणे म्हणजे बहुधा एक दिवस मोडणे असते. या प्रश्नाचे उत्तर सरसकट 'हो' किंवा 'नाही' असे देता येत नाही. ते भागागणिक बदलते.

सस्पेन्शन म्हणजे नेमके काय?

चाक आणि गाडीचा सांगाडा यांना जोडणारी, पण त्यांच्यात हालचालीला वाव देणारी सगळी रचना म्हणजे सस्पेन्शन. तिच्यात तीन प्रकारची कामे करणारे भाग असतात.

पहिले काम वजन पेलण्याचे. ते स्प्रिंग करते. मोटारीत ती बहुधा गुंडाळीची असते. जीप, बोलेरो, छोटे मालवाहू टेम्पो यांच्या मागच्या बाजूला पोलादी पट्ट्यांची चळत असते, तिला आपण 'पाटे' म्हणतो.

दुसरे काम हेलकावा थांबवण्याचे. दाबलेली स्प्रिंग सुटली, की ती पुनःपुन्हा उसळत राहते. शॉक ॲब्सॉर्बरमधील तेल बारीक छिद्रांतून ढकलले जाते आणि उसळीची शक्ती उष्णतेत बदलून विरून जाते. म्हणजे, नाव काहीही असले, तरी धक्का झेलते ती स्प्रिंग. शॉक ॲब्सॉर्बर त्या धक्क्याची पुनरावृत्ती रोखतो. तो निकामी झाला, तर गाडी केवळ डोलते असे नाही. चाक रस्त्यावरून क्षणभर उचलले जाते, आणि उचललेले चाक ना ब्रेक घेते, ना वळते.

तिसरे काम चाकाला ठरलेल्या जागी व ठरलेल्या कोनात धरून ठेवण्याचे. लोअर आर्म, बॉल जॉइंट, टाय रॉड एंड, स्टॅबिलायझर लिंक आणि या सगळ्यांच्या सांध्यांतील रबरी बुश ही त्या कामाची माणसे. यांतील बॉल जॉइंट तुटला, तर चाक आडवे पडते व गाडी जागीच बसते. वेगात असताना असे घडले, तर पुढचे सांगायला नको.

आजच्या बहुसंख्य छोट्या मोटारींच्या पुढच्या चाकांना 'मॅकफर्सन स्ट्रट' असतो. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकी अभियंत्याने स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर यांना एकाच उभ्या खांबात बसवले. १९५० च्या सुमारास ब्रिटनमधील फोर्ड कॉन्सल गाडीत ही रचना आली, आणि १९८३ मध्ये आलेल्या मारुती ८०० ने ती भारतीय घराघरांत पोहोचवली. रचना स्वस्त, आटोपशीर आणि टिकाऊ. पण 'स्वतः करू' म्हणणाऱ्याच्या दृष्टीने तिच्यातच सर्वांत मोठा धोका दडलेला आहे. त्याकडे पुढे वळू.

झीज ओळखावी कशी?

खर्च वाचवण्याची खरी जागा इथेच आहे. चुकीचा भाग बदलला, तर तो स्वतः बदललेला असो वा मिस्त्रीने, पैसे वायाच जातात.

गाडीचा एकेक कोपरा दोन्ही हातांनी जोरात दाबून सोडावा. ती एकदा वर येऊन स्थिर झाली, तर ठीक. दोन-तीनदा डोलली, तर शॉक ॲब्सॉर्बर थकला आहे. मात्र ही चाचणी पास झाली म्हणजे सर्व आलबेल, असे नव्हे. आवळ स्प्रिंग असलेल्या नव्या गाड्या या परीक्षेत सहज उत्तीर्ण होतात. शॉक ॲब्सॉर्बरच्या अंगावरून तेलाचा ओघळ दिसणे हा अधिक भरवशाचा पुरावा. हलका दमटपणा चालतो. धूळ चिकटून झालेला काळा चिखल चालत नाही.

टायरवरून हात फिरवावा. ठरावीक अंतराने उंचवटे-खळगे लागले, तर चाक रस्त्यावर उड्या मारते आहे. टायर फक्त आतल्या किंवा बाहेरच्या कडेला झिजला असेल, तर कोन बिघडला आहे. त्यामागे बुश, बॉल जॉइंट किंवा वाकलेला आर्म असू शकतो.

आवाजाचेही प्रकार आहेत. लहानसहान खाचांवरून कमी वेगात 'टक-टक' येत असेल, तर संशयित स्टॅबिलायझर लिंक. गतिरोधकावर एकच दबका 'धप्प' येत असेल, तर आर्मचा बुश किंवा शॉक ॲब्सॉर्बर. उभ्या गाडीचे स्टीअरिंग फिरवताना स्प्रिंग कडकडत असेल, तर स्ट्रटच्या डोक्यावरचा माउंट किंवा त्यातील बेअरिंग. पण हे आवाज एकमेकांत मिसळतात, आणि ढिले ब्रेक पॅडही हुबेहूब लिंकसारखा आवाज काढतात. म्हणून अनुभवी मिस्त्रीच्या कानाची किंमत त्याच्या हाताच्या किमतीहून अधिक मानावी.

यातून एक मधला मार्ग निघतो. निदान मिस्त्रीकडून करून घ्यावे, त्याचे पैसे वेगळे व आनंदाने द्यावेत. आणि काम सोपे निघाले, तर ते घरी करावे.

घरी करण्याजोगी कामे

मोटारसायकलचे मागचे दोन शॉक ॲब्सॉर्बर बदलणे हे सर्वांत सोपे काम. गाडी मुख्य स्टँडवर उभी करावी, एका वेळी एकच बाजू सोडावी, म्हणजे दुसरी बाजू चाकाला धरून ठेवते. दोन्ही बाजूंच्या स्प्रिंगचा ताण एकाच खाचेवर ठेवावा. पुढच्या फोर्कचे तेल व ऑइल सील बदलणे मात्र नवख्याचे काम नव्हे. तेलाचे माप दोन्ही नळ्यांत सारखे लागते आणि सील बसवायला योग्य साधन लागते.

मोटारीत स्टॅबिलायझर लिंक हे शिकाऊ माणसाचे पहिले काम ठरू शकते. वर एक नट, खाली एक नट. लिंक काढल्याने चाक सुटत नाही. गाडीचा तोल वळणावर सावरणाऱ्या दांड्याचा ताण निघावा म्हणून पुढची दोन्ही चाके एकाच उंचीवर असावीत, एवढे पथ्य.

मागचा शॉक ॲब्सॉर्बर स्प्रिंगपासून स्वतंत्र असेल, तर तोही घरी बदलता येतो. पाटे असलेल्या गाड्यांत तो स्वतंत्रच असतो. अनेक छोट्या मोटारींतही मागे अशीच रचना असते. मात्र गुंडाळीची स्प्रिंग असलेल्या गाडीत शॉक ॲब्सॉर्बरचा बोल्ट काढण्यापूर्वी ॲक्सलखाली दुसरा जॅक लावावाच. शॉक ॲब्सॉर्बर हाच कित्येकदा ॲक्सलला खाली जाण्यापासून अडवणारा शेवटचा आधार असतो. तो निघाला, की ॲक्सल झपकन खाली येतो, स्प्रिंग निसटते आणि ब्रेकची नळी ताणली जाते.

टाय रॉड एंड सीमारेषेवर आहे. बदलणे अवघड नाही. जुना भाग किती आटे फिरून निघाला ते मोजून नवा तितकेच आटे बसवावा. पण त्यानंतर व्हील अलाइनमेंटच्या यंत्रावर जाणे अटळ असते. आटे मोजणे हे त्या यंत्रापर्यंत गाडी सरळ चालवत नेण्यापुरतेच.

मिस्त्रीकडेच द्यावीत अशी कामे

स्ट्रटमधील स्प्रिंग दाबलेल्या अवस्थेत असते. तिच्या डोक्यावरचा मधला नट सोडला, की ती काही शे किलोच्या जोराने सुटते. या नटाने माणसे जखमी झाली आहेत, दगावलीही आहेत. स्प्रिंग कॉम्प्रेसर नावाच्या साधनाने ती आधी दाबून धरावी लागते, आणि स्वस्तातले किंवा झिजलेले कॉम्प्रेसर स्वतःच धोका ठरतात. तारेने किंवा दोरखंडाने स्प्रिंग बांधून नट सोडण्याचा 'देशी उपाय' कोणी सुचवला, तर त्या माणसापासून आणि त्या गाडीपासून दूर उभे राहावे. ज्याला हातच चालवायचा आहे, त्याने पूर्ण स्ट्रट गाडीपासून सोडवावा, मधल्या नटाला हात न लावता तो वर्कशॉपमध्ये न्यावा, स्प्रिंग तिथे बदलून घ्यावी आणि घरी येऊन परत बसवावा.

आर्ममधला बुश बदलायला हायड्रॉलिक प्रेस लागते. हातोड्याने ठोकून बसवलेला बुश तिरपा बसतो आणि लवकर फाटतो. अनेक गाड्यांत बॉल जॉइंट आर्ममध्येच रिव्हेटने किंवा दाबून बसवलेला असतो. तिथे पूर्ण आर्म बदलणे सोयीचे पडते.

पाट्यांचे काम वजनाने आणि ताणाने जड असते. त्याबाबत ग्रामीण भागातील एक चाल इथे नमूद करणे आवश्यक आहे. बसलेला पाटा भट्टीत तापवून पुन्हा बाक देण्याची, किंवा तुटलेले पान वेल्डिंगने सांधण्याची पद्धत आजही कुठे कुठे चालते. पाट्याचे पोलाद विशिष्ट तापमानाला तापवून, तेलात विझवून, पुन्हा मंद तापवून तयार केलेले असते. त्याची लवचीकता या संस्कारातूनच येते. साध्या भट्टीत तापवले, की तो संस्कार पुसला जातो. पाटा बाकदार दिसतो, पण पुन्हा बसतो किंवा तुटतो. तुटलेले पान बदलावे, आणि त्याबरोबर यू-बोल्ट नवे घालावेत. काही अंतर चालल्यावर ते पुन्हा आवळून घ्यावेत.

तूर, सोयाबीन, ऊस वाहणाऱ्या गाड्यांना जादा पान घालण्याचा मोहही सार्वत्रिक आहे. जादा पान घातल्याने गाडी बसत नाही, एवढेच. ब्रेक, ॲक्सल, टायर आणि नोंदणी प्रमाणपत्रातील भारक्षमता आहे तेवढीच राहते. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ उत्पादकाच्या मूळ तपशिलाविरुद्ध फेरबदल करण्यास मनाई करते, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही मनाई अधोरेखित केली. असा फेरबदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही होऊ शकते. मूळ मापाचा भाग मूळ जागी बसवणे ही दुरुस्ती आहे. ती मालकाने स्वतः केली तरी हे कलम आड येत नाही.

एका बोल्टाची गोष्ट

प्रस्तुत लेखकाचे आजोळ चिटगुप्प्याचे. काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुटीत मामांच्या जुन्या मोटारीचा लोअर आर्म घरच्या अंगणात बदलण्याचा घाट आम्ही घातला. नवा आर्म बुश-बॉल जॉइंटसह आणला, जॅकवर गाडी चढवली, अर्ध्या दिवसात काम उरकले आणि आवाज थांबला. मजुरी वाचल्याचा आनंद होळीपर्यंत टिकला. मग तोच 'धप्प' परत आला.

गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींनी गाडीखाली पाहिले आणि विचारले, ''बोल्ट आवळताना चाक कुठं होतं?'' चाक अर्थातच हवेत लोंबकळत होते. ''मग रबर फाटणारच, बाबा. गाडी जमिनीवर टेकवून आवळायचं असतंय.''

त्यांचे म्हणणे शास्त्रशुद्ध होते. आर्मच्या बुशमधील रबर आतल्या व बाहेरच्या लोखंडी नळीला चिकटवलेले असते. आर्म हलतो, तेव्हा रबर पिळले जाते. चाक लोंबत असताना बोल्ट आवळला, तर त्या लोंबत्या स्थितीलाच रबर आपली मूळ जागा समजते, आणि गाडी खाली टेकताच ते कायमचे पिळलेले राहते. म्हणून बोल्ट आधी केवळ हाताने बसवावेत, चाकावर गाडीचे वजन येऊ द्यावे, आणि मगच शेवटची आवळणी करावी. आम्ही आर्म दुसऱ्यांदा विकत घेतला आणि मजुरीही दिली. मामांनी मात्र त्यावर एक अक्षर काढले नाही.

चूक घरीच होते असे नाही. घाईत असलेला मिस्त्रीही लिफ्टवर चाक लोंबत असतानाच आवळून मोकळा होतो. म्हणूनच ही बाब माहीत असलेला गिऱ्हाईक, स्वतः हात न लावताही, काम चांगले करून घेऊ शकतो.

घरी काम करताना

गाडीसोबत मिळालेला जॅक केवळ टायर बदलण्यासाठी असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. गाडी उचलल्यावर तिचे वजन जॅक स्टँडवर टेकवावे. विटा, सिमेंटचे ठोकळे यांचा आधार घेऊ नये. ते फुटताना पूर्वसूचना देत नाहीत. काढलेले चाक गाडीच्या कडेखाली सरकवून ठेवावे, म्हणजे काही घसरलेच, तरी फट उरते. जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून टेकण द्यावे, हँडब्रेक ओढावा, आणि चाकाचे नट गाडी उचलण्यापूर्वीच ढिले करावेत.

खालची जमीन पाहावी. काळ्या मातीत, विशेषतः ओलीत, जॅक खचतो. कलबुर्गी जिल्ह्यातील शहाबादची फरशी चिटगुप्प्याच्या अंगणांत जशी आहे, तशी अर्ध्या महाराष्ट्रातही आहे. तिच्याखाली पोकळी असेल, तर जॅकच्या एकवटलेल्या भाराने ती तडकते. जाड लाकडी फळी खाली घ्यावी.

गोव्यात याहून वेगळी अडचण येते. खाऱ्या, दमट हवेने बोल्ट गंजून जागीच धरतात. कोरड्या मुलखात वीस मिनिटांत सुटणारी लिंक किनाऱ्यावर अख्खी सकाळ खाते, आणि जोर केला तर बोल्ट मोडतो. आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे, आटे ब्रशने साफ करावेत. मोडलेला बोल्ट काढण्याची तयारी नसेल, तर किनारपट्टीवरील जुन्या गाडीचे काम सरळ मिस्त्रीकडे द्यावे. रबरी बुश किंवा शॉक ॲब्सॉर्बरजवळ गॅसची ज्योत लावू नये. शॉक ॲब्सॉर्बरमध्ये दाबाखालील वायू व तेल असते.

ब्रेक कॅलिपर सोडावा लागला, तर तो नळीवर लोंबत ठेवू नये, तारेने बांधावा. एबीएसची वायर आधी सोडवावी. एकदा वापरलेले लॉकनट व स्प्लिट पिन पुन्हा वापरू नयेत. आवळणी टॉर्क रेंचने, त्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या मापाने करावी. आणि शॉक ॲब्सॉर्बर असो वा स्प्रिंग, एका ॲक्सलवरचे दोन्ही एकदम बदलावेत. एक नवा व एक जुना असेल, तर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला खेचली जाते.

खर्चाचा हिशोब

मिस्त्रीकडून अंदाज घेताना तीन आकडे वेगळे मागावेत : सुटे भाग, मजुरी आणि अलाइनमेंट. स्वतः काम केल्याने वाचते ती फक्त मजुरी. उलट बाजूला हत्यारांचा खर्च येतो. उदाहरणादाखल, एखाद्या लिंकच्या कामाची मजुरी सहाशे रुपये धरली आणि जॅक स्टँड, पाने व टॉर्क रेंच यांना सहा हजार रुपये लागले असे धरले, तर दहा कामे झाल्यावर हिशोब बरोबरीत येतो. घरात दोन-तीन गाड्या असतील आणि हौस असेल, तर हा सौदा फायद्याचा. एका गाडीच्या एका कामासाठी नव्हे.

सुटे भाग स्वतः आणून फक्त बसवून घेण्याचा पर्यायही आहे. त्यात भाग चुकीचा निघाला, तर जबाबदारी आपली राहते, हे आधी मान्य करावे. खरेदी पक्क्या बिलावर करावी. शॉक ॲब्सॉर्बर बनवणाऱ्या गॅब्रिएल, एन्ड्युरन्स यांसारख्या कंपन्यांची मुळे महाराष्ट्राच्या औद्योगिक पट्ट्यात असल्याने अस्सल माल आपल्या भागात मिळणे अवघड नाही. पण हुबेहूब वेष्टनातला नकली मालही तितक्याच सहज मिळतो. वेष्टनावरील भाग क्रमांक, कमाल किरकोळ किंमत आणि गाडीच्या पुस्तिकेतील क्रमांक जुळवून पाहावेत.

मिस्त्रीकडे देताना

काम मिस्त्रीकडे दिले, म्हणजे डोळे मिटावेत असे नाही. जुने भाग परत मागावेत. ते पाहिले, की भाग खरोखर बदलला का आणि बदलण्याची गरज होती का, दोन्ही कळते. बुशचे बोल्ट चाकावर वजन असताना आवळले का, नट नवे वापरले का, हे विचारावे. स्ट्रट, आर्म किंवा टाय रॉड एंड बदलला असल्यास अलाइनमेंटचा छापील अहवाल घ्यावा. बिलावर भागाचे नाव, क्रमांक व मजुरी स्वतंत्र लिहून घ्यावी. सेवेत त्रुटी राहिली आणि दाद मिळाली नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. प्राथमिक मार्गदर्शनासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. बिल नसेल, तर मात्र ही वाट बिकट होते.

निर्णय घेताना एक प्रश्न पुरेसा आहे : आपल्या हातून चूक झाली, तर काय होईल? लिंकचा नट ढिला राहिला, तर आवाज येईल आणि तो पुन्हा आवळता येईल. बॉल जॉइंटची पिन राहिली किंवा स्ट्रटची स्प्रिंग सुटली, तर चूक दुरुस्त करायला दुसरी संधी मिळेलच असे नाही. पहिल्या प्रकारची कामे घरी करावीत, शिकावीत, मुलांनाही दाखवावीत. दुसऱ्या प्रकारच्या कामांत मिस्त्रीला दिलेली मजुरी ही त्याच्या अनुभवाची किंमत असते, आणि ती महाग नसते.

काम कोणीही केलेले असो, पहिल्या काही दिवसांच्या प्रवासानंतर सगळे नट-बोल्ट एकदा पुन्हा तपासून घ्यावेत.